काळ्या दोऱ्याची कात्री

टॅलो क्रीक, जॉर्जिया
१४ जून २०१६

लेकरा,

पाकिटावर तुझं सरकारी कागदावरचं नाव घातलंय, कारण दुसरं घातलं तर तुरुंगातून पत्र परत येतं असं टपालातली बाई म्हणाली. आत कुठलं नाव घालायचं ते मला कळेना, म्हणून लेकरा लिहिलं. त्यावरून भांडू नकोस. चार वर्षांपूर्वी तू माझ्या मेलेल्या आईचं नाव उचललंस. लुवेनिया. मला विचारलंही नाहीस. दुकानात टांगलेला झगा काढून घ्यावा तसं घेतलंस. तो राग अजून गेलेला नाही. पण राग असला तरी पत्र लिहिता येतं.

हे पत्र तुझ्याआधी जो शिपाई फोडून वाचतोय त्याला सांगते: मी आयडेला प्रुइट, वय चौऱ्याहत्तर, सहावीत शाळा सोडली. चुका दिसल्या तर दुरुस्त कर आणि पुढे दे. माझ्या नातवंडाच्या हातात दे, कचऱ्यात नको.

इकडे पेट्रोल पंपावरचा माणूस येईल त्याला सांगतोय की आयडेलाच्या नातवाने कोडी रास्कला लुटायला कात्री खुपसली. रास्क इस्पितळात आहे, मांडीला टाके पडलेत, मरत नाही. रविवारी चर्चमध्ये माझ्या बाकावर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मला पाय पसरायला जागा झाली, ते एक बरं.

पोलीस खात्याचा एक टायवाला येऊन गेला. त्याने कात्रीचा फोटो दाखवला. मुठीला काळा दोरा गुंडाळलेला होता. हा कशाला, म्हणून विचारत होता. मला काय माहीत. मी त्याला बस म्हटलं नाही, थंड चहाही विचारला नाही. सांगण्यासारखं काही बोलले नाही.

आता तू खरं काय ते लिही. मला घेरी येत नाही.

आजी


काउंटी तुरुंग
२२ जून

आजी,

तुझं पत्र मिळालं. फोडणाऱ्याने चुका दुरुस्त केलेल्या नाहीत.

खरं असं आहे. त्या दिवशी मी काम संपवून बसची वाट बघत होते. अजून उजेड होता. बस चुकली म्हणून पंपावर पाण्याची बाटली घ्यायला गेले. कोडी रास्क तिथे होता. आधी शिट्टी मारली, गोड बोलला. मग जवळ येऊन नीट बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. तो बदल मला ओळखता येतो, आजी. माझ्यासारख्या प्रत्येकीला येतो. मी पंपामागच्या रस्त्याने भराभर निघाले. तो मागे आला. त्याने माझा केसांचा टोप ओढून फेकला, मला पाडलं आणि छातीवर बसून गळा धरला. म्हणत होता, मला फसवतोस काय, मला फसवतोस काय. डोळ्यांपुढे अंधारी आली. हात पिशवीत गेला आणि जे हाताला लागलं ते मी मारलं.

तो बाजूला पडल्यावर मी पळाले नाही. रुमालाने त्याची जखम दाबून धरली आणि मीच रुग्णवाहिका बोलावली. माझ्या मैत्रिणी म्हणतात ती माझी सगळ्यात मोठी चूक. पोलीस आले तेव्हा रक्त माझ्या हाताला होतं आणि तो "मला मारलं" म्हणून ओरडत होता. माझ्या गळ्यावरच्या खुणांचा फोटो कुणी काढला नाही.

मला पुरुषांच्या बाजूला ठेवलंय, एकटीला, सुरक्षेसाठी म्हणे. दिवसातला एक तास बाहेर. हार्मोनच्या गोळ्या बंद आहेत. दाढी वाढतेय, त्यावर बोलायला नको.

जामीन नाकारला. सरकारने वकील दिलीय, मिस हॅलोरन. ती एका वेळी साठ जणांचं बघते, पण माझं नाव विचारून घेते आणि तेच वापरते.

मदर स्टोक्सचं दफन झालं का? कसं झालं, लिही.

तुझी,
लुवेनिया


टॅलो क्रीक
२९ जून

लेकरा,

वाचलं. दोनदा वाचलं. मग मागच्या अंगणात जाऊन एक बादली आपटली. आता ती गळते.

तू स्वतःच्या जीवावर उठलेल्या माणसाची जखम दाबून धरलीस. ही मात्र माझ्या आईची सवय. तीही अशीच होती. मला ते आवडायचं नाही.

मदर स्टोक्सचं दफन झालं. तुला त्यात काय पडलंय ते कळलं नाही, पण सांगते. चौऱ्याण्णव वर्षांची बाई, चर्चमधली सगळ्यात जुनी, म्हणून गाव लोटलं होतं. नर्सिंग होममध्ये तीन वर्षं ती उपटलेल्या कोंबडीसारखी दिसत होती, पण शवपेटीत अशी दिसली की लोक रांगेत थांबून फोटो काढत होते. तरुणपणी ती कपाळावर केसांच्या दाबलेल्या लाटा काढायची, अगदी तश्शा लाटा. तिची मुलगी व्हर्नेल, जिचं आणि माझं एकोणीसशे एकोणऐंशीपासून पटत नाही, ती पेटीजवळ उभी राहून म्हणाली, "लुशस टार्व्हरच्या हातात जादू आहे." टार्व्हर दाराशी उभा होता. मान खाली घालून "देवाची कृपा" म्हणाला. त्याच्या बापाच्या वेळेपासून आपली सगळी प्रेतं त्यांच्याच अंत्यविधीच्या दुकानात सजून पुरायला जातात, पण असे केस मी तिथे आधी पाहिले नव्हते.

जेवणाला कोंबडी कोरडी झाली होती. व्हर्नेलने केली असणार.

पुढच्या पत्रात वकील काय म्हणते ते लिही.

आजी


काउंटी तुरुंग
११ जुलै

आजी,

बसून वाच.

त्या लाटा मी काढल्या.

चार वर्षं झाली. टार्व्हरच्या दुकानात येणाऱ्या बायकांचे केस मीच करते. संध्याकाळी लोक गेले की मागच्या दाराने आत जायचं, काम करायचं, मागच्या दाराने बाहेर. त्याची अट एकच होती, कुणाला सांगायचं नाही. गावाला कळलं की आपल्या आईला, मावशीला कुणी हात लावला, तर लोक दुकान बदलतील, असं तो म्हणाला. मलाही पटलं. मला ते काम आवडायचं. मेलेल्या बायका तोंड वाकडं करत नाहीत. घरच्यांनी दिलेला जुना फोटो समोर ठेवायचा आणि त्यांच्याशी बोलत बोलत काम करायचं. त्या दिवशी मी मदर स्टोक्सचे केस संपवून निघाले होते.

कात्री तिथल्या कामाची. काळा दोरा म्हणजे मेलेल्यांसाठीची. ती जिवंतांच्या डोक्याला लावायची नाही. कंगव्याला, ब्रशला तसाच दोरा असतो, ते त्याचं स्वतःचं सामान, तिथेच राहतं. पण माझी कात्री तिथे ठेवायची नाही असं त्याने बजावलं होतं. कुणाला सापडली तर तो कुणाची म्हणून सांगणार? म्हणून ती रोज माझ्या पिशवीत.

सरकारी वकील म्हणतो, दोरा पकड घट्ट बसावी म्हणून गुंडाळलाय. म्हणजे मी भोसकायच्या तयारीनेच फिरत होते. मिस हॅलोरन टार्व्हरकडे गेली होती. तो म्हणाला, मी या व्यक्तीला ओळखत नाही.

आता ऐक. गुन्हा कबूल केला तर आठ वर्षं. पुरुषांच्या तुरुंगात. नाही केला आणि खटला हरले तर वीस. मिस हॅलोरनला अजून एक वाट दिसते: खटल्याआधी न्यायाधीशांपुढे सुनावणी मागायची. मी जीव वाचवायला हात उचलला हे त्यांना पटलं तर खटलाच रद्द. पण त्यासाठी कात्री माझ्याकडे का होती हे सांगणारं कुणी हवं. कबुलीच्या कागदावर सही करायला एकोणीस ऑगस्टपर्यंत मुदत आहे.

आठ वर्षांनी मी चौतीसची असेन. जिवंत असले तर.

लुवेनिया


टॅलो क्रीक
१८ जुलै

लेकरा,

गेले होते टार्व्हरकडे. टोपी घालून गेले, म्हणजे त्याला कळावं की मी गप्पा मारायला आलेले नाही.

"मिस आयडेला, बसा ना," म्हणाला. "तुमच्या अंत्यविधीच्या पॉलिसीचं काही बघायचंय का?"

"पॉलिसी ठीक आहे आणि मीही ठीक आहे. माझं नातवंड तुझ्याकडे कामाला होतं का?"

"तुमचं... नाही. मी ओळखत नाही."

"लुशस, तुला गोवर झाला तेव्हा तुझ्या अंगाला ओटच्या पिठाचं पाणी मी लावलंय. माझ्याकडे बघून बोल."

तो माझ्या टोपीकडे बघून बोलत राहिला. मग मी सरळ मागच्या खोलीकडे चालायला लागले. तो आडवा आला, पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला ढकलायचं कसं हे त्याला सुचलं नाही. आत स्टीलचा ट्रे. कंगवा, ब्रश, केसांच्या आकड्यांची डबी. सगळ्याला काळा दोरा.

"हे काय?"

"वडिलांचा नियम. मेलेल्यांचं सामान वेगळं राहावं."

"आणि कात्री कुठाय?"

त्याने ट्रेवर कापड ओढलं.

"कात्री कोर्टात आहे, लुशस. चिठ्ठी लावून ठेवलीय."

तेव्हा तो खुर्चीत बसला. म्हणाला, "मी तिथे जाऊन बोललो तर लोक उद्या दुसऱ्या दुकानात जातील. छप्पन्न वर्षांचं नाव आहे. मला मुलं आहेत. ते पोर कामाचं होतं, मी नाही म्हणत नाही, असे हात मी पाहिले नाहीत. पण मला जमणार नाही."

म्हटलं, "तुझ्या नावासाठी ती कात्री पिशवीत गेली. तू त्या कात्रीला दुकानात एक खिळा दिला असतास टांगायला, तर आज सरकारी वकिलाकडे दाखवायला काही नव्हतं."

तो म्हणाला, "मग ते पोरही नसतं, मिस आयडेला. कात्री पिशवीत होती म्हणून ते जिवंत आहे."

मी टोपी सारखी केली. चालत घरी आले.

तो वाईट नाही. भित्रा आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

सही करू नकोस. मी अजून विचार करतेय.

आजी


काउंटी तुरुंग
२९ जुलै

आजी,

सरकारने त्यांच्याकडचे कागद मिस हॅलोरनला दिले. त्यात तुझा जबाब आहे. ९ जूनचा. खाली तुझी सही, ते मोठं आय.

तू मला लिहिलं होतंस, सांगण्यासारखं काही बोलले नाही. मी कागदावरचं जसंच्या तसं उतरवते:

"आमच्या घरातली कुठलीच बाई धारदार काही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. माझ्या आईकडे टोपीची लांब टाचणी असायची. माझ्याकडे वस्तरा आहे. ती पोरगीही याच घरातली. तिलाही मी तेच शिकवलं. कुणी अंगावर आलं तर आधी मार, मग विचार."

आधी मार, मग विचार. सरकारी वकिलाने त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यात. मिस हॅलोरन डोकं धरून बसली होती.

मी तो कागद हातात घेतला आणि काय झालं सांगू? मी रागावले, खूप रागावले, आणि रागावताना माझी नजर त्याच एका शब्दावर जाऊन थांबत होती. पोरगी. चार वर्षं मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून वाट बघितली की तू एकदा म्हणशील. चुकून तरी. तू म्हणालीस ते पोलिसाला. माझ्याविरुद्धच्या कागदात.

आणि ते खरंही नाही, आजी. तू मला काही शिकवलं नव्हतंस.

मला आता ताकद नाही. सही करते म्हणून सांगितलंय मिस हॅलोरनला. ती म्हणाली, मुदत संपेपर्यंत थांब. थांबते, पण तू आता कुणाकडे जाऊ नकोस.

लु.


टॅलो क्रीक
८ ऑगस्ट

पोरी,

दहा दिवस लिहिलं नाही. तीनदा बसले आणि तीनदा उठून भांडी घासली.

तू म्हणतेस ते बरोबर. मी पोलिसाशी खोटं बोलले आणि मग तुझ्याशीही. तो टायवाला दारात उभा राहून तुला "तो इसम" म्हणत होता. हातातल्या फोटोत तुझा टोप मातीत पडलेला. माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, याला दाखवते ही कुठल्या घरची आहे. मी बढाई मारत होते, पोरी. तो लिहून घेत होता.

तुझ्या दोन्ही चुलत बहिणी बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा मी त्यांना मागच्या अंगणात उभं करून शिकवलं. वस्तरा कसा धरायचा, हात कुठून काढायचा, मारून झाल्यावर कुठल्या दिशेने पळायचं. तुला म्हटलं, तू आत जा, हे पोरींचं काम आहे. तू खिडकीत उभी राहून बघत होतीस. काचेला नाक लावून. मला दिसत होतीस. मी पाठ फिरवली.

तर पोलिसाला मी जे सांगितलं ते मी करायला हवं होतं ते. केलं होतं ते नाही. हे मी कोर्टात सांगेन. सगळ्यांसमोर.

आता दुसरं. तू कुणाकडे जाऊ नकोस म्हणालीस, पण तोपर्यंत मी जाऊन आले होते. व्हर्नेल स्टोक्सकडे.

ती शेंगा सोलत होती. मला बघून म्हणाली, "माझ्या पायरीवर तू? कुणी मेलं का?"

म्हटलं, "व्हर्नेल, तुझ्या आईचे केस कुणी केले माहितीये?"

"लुशसने."

"लुशसला स्वतःच्या डोक्यावरचे सात केस बसवता येत नाहीत."

मग सगळं सांगितलं. मागचं दार, दोरा, पंप, गळा, सगळं. ती शेंगा सोलतच राहिली, आणि नंतर सोललेल्या शेंगा पुन्हा सोलायला लागली. मग म्हणाली, "त्याने माझ्या आईला हात लावला?"

"तिने. आणि हो, लावला."

तिच्या फ्रिजवर पेटीतल्या आईचा फोटो लावलेला आहे. ती त्याच्याकडे बघत बसली. म्हणाली, "झटका आल्यापासून आईचा चेहरा मला सापडत नव्हता, आयडेला. डोळे मिटले की नर्सिंग होममधलीच दिसायची. त्या दिवशी पेटी उघडली आणि आई होती." तिने शेंगा बाजूला सारल्या. मग, "तुला वाटत असेल मी रडेन."

"मला वाटत होतं तू मला हाकलशील."

"तेही करेन. आधी पर्स घेऊ दे. आज मदर्स बोर्डाची बैठक आहे."

तुला माहितीये ते बोर्ड. चर्चमधल्या नऊ म्हाताऱ्या, पांढरे कपडे, पांढरे मोजे, देवालाही वेळेवर यायला लावतील. व्हर्नेल उभी राहिली आणि तिने सांगितलं. दोघींनी तोंड फिरवलं, ते लपवत नाही. सिस्टर पर्ली म्हणाली, बायबलात असं असं लिहिलंय. व्हर्नेल म्हणाली, "पर्ली, तुझ्या बहिणीची वेणी कुणी घातली होती मागच्या वर्षी? तू त्या वेणीचा मुका घेतला होतास." पर्ली बसली.

दुसऱ्या दिवशी सात जणी टार्व्हरच्या दुकानात गेलो. सगळ्यांच्या हातात अंत्यविधीच्या पॉलिसीची पुस्तकं. त्याला वाटलं कुणीतरी मोठं गेलं. व्हर्नेल म्हणाली, "लुशस, तू भीत होतास ना, की लोक दुसरीकडे जातील? आम्ही तेच करायला आलोय. तू कोर्टात बोलणार नसलास तर आम्ही सगळ्या पलीकडच्या गावात पुरून घेऊ."

तो म्हणाला, "मदर्स, थोडा विचार करू द्या."

तेव्हा मदर ब्यूला, एक्क्याण्णव वर्षांची, जिला दोघींनी धरून आणलं होतं, ती म्हणाली, "लवकर कर रे बाबा. माझ्याकडे फार दिवस नाहीत, आणि केस मला तिच्याकडूनच करून हवेत."

लुशस येतोय. मिस हॅलोरनच्या कागदावर त्याने सही केली. तुझ्या कागदावर तू करू नकोस.

तुझी आजी


काउंटी तुरुंग
१७ ऑगस्ट

आजी,

मी सही केली नाही. मिस हॅलोरनसमोर कागद परत केला. त्याआधी पेन हातात घेऊन तो शेवटपर्यंत वाचला, तेव्हा तिला वाटलं मी करतेच आहे.

सुनावणी एकवीस सप्टेंबरला. हरले तर वीस वर्षांचा खटला पुढे उभा आहे, आणि कबुलीची वाट बंद झाली. हे मी रोज सकाळी स्वतःला सांगते, म्हणजे नंतर म्हणायला नको की माहीत नव्हतं.

खिडकीतलं मला आठवतं. मला वाटायचं तू मला बघितलं नव्हतंस. इतकी वर्षं मी तुला त्याच एका कारणाने माफ करत आले होते. आता नव्याने सुरुवात करावी लागेल. वेळ दे.

मदर ब्यूलाला सांग, मी सुटेपर्यंत मरायचं नाही. तिला कळेल.

लुवेनिया


काउंटी तुरुंग
२३ सप्टेंबर

आजी,

तू साक्षीच्या खुर्चीत होतीस, सरकारी वकिलावरून नजर हलवत नव्हतीस. मागच्या बाकांवर काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

तू येण्याआधी त्यांनी मी रुग्णवाहिकेसाठी केलेल्या फोनची ध्वनिफीत लावली. माझाच आवाज, घोगरा, गळा सुजलेला. "लवकर या, त्याचं रक्त थांबत नाहीये." कोडी रास्कने सांगितलं होतं की त्याने मला फक्त वेळ विचारली. आवाज सुरू झाल्यावर तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि संपेपर्यंत वर आला नाही.

मग टार्व्हर. पांढऱ्या कापडात कंगवा आणि ब्रश गुंडाळून आणले होते. न्यायाधीशांनी कात्री मागवली आणि तीन वस्तू टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तोच दोरा, तशीच गाठ. टार्व्हर म्हणाला, "ही माणसं म्हणतात माझ्या हातात जादू आहे. हात हिचे होते. मी चार वर्षं खोटं नाव कमावलं." पूर्ण वाक्य बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा उजेडात.

मग तू.

सरकारी वकील म्हणाला, "म्हणजे मिसेस प्रुइट, तुम्ही पोलिसांशी खोटं बोललात?"

"हो."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

तू म्हणालीस, "त्या दिवशी मी फुशारकी मारत होते, साहेब. आज मला लाज वाटतेय. फुशारकीत माणूस वाटेल ते बोलतं. लाज वाटायला लावणारं खोटं कुणी कशाला रचेल?"

तो म्हणाला, "तुम्ही त्याला शस्त्र वापरायला शिकवलं की नाही, एवढंच सांगा."

"तिला नाही शिकवलं. बाकीच्या मुलींना शिकवलं. हिला मुलींत धरलं नाही, म्हणून शिकवलं नाही. हिच्याकडे त्या दिवशी फक्त तिचं काम होतं."

तेव्हा मागे काय झालं ते सांगते. व्हर्नेल स्टोक्स उभी राहिली. एवढी मोठी जांभळी टोपी. कुणी उठायचं नसतं. शिपाई तिच्याकडे आला तर ती म्हणाली, "गुडघा धरलाय," आणि उभीच राहिली. मग तिच्या शेजारची. मग मदर ब्यूलाने हात वर केला, कारण तिला उठवत नाही. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "बाकांची तक्रार आहे का कुणाची?" आणि पुढे चालू केलं.

निकाल लेखी येणार. काय येईल माहीत नाही. पण आजी, रात्री इथे मी पहिल्यांदा पाठीवर झोपले. दाराकडे तोंड न करता.

लुवेनिया


टॅलो क्रीक
६ ऑक्टोबर

लुवेनिया,

टपालाने हे पत्र तुझ्या हाती पडायच्या आत तू बाहेर असशील, म्हणून उद्या कपड्यांच्या पिशवीत घालून आत देते. लिहिते, कारण समोर आल्यावर मला हे जमणार नाही. मी तुला जेव म्हणेन, बारीक झालीस म्हणेन, आणि विषय संपवेन.

मिस हॅलोरनचा दुपारी फोन आला. खटला रद्द. तिच्याकडून मी न्यायाधीशांचं लिहिणं तीनदा वाचून घेतलं. शब्द अवघड होते, पण मधलं एक वाक्य मला कळलं. लिहिलंय, तिचा जीव जात होता आणि तो राखायचा तिला हक्क होता. तिचा, तिला. सरकारी कागदावर. मी म्हटलं, मिस हॅलोरन, तेवढं एकदा परत. ती म्हणाली, मिसेस प्रुइट, माझ्याकडे अजून साठ जण आहेत. आणि वाचलं.

सगळं गोड नाही, ते आत्ताच सांगून ठेवते. मंगळवारी रास्कच्या चुलत भावाने ओट्यावर बाटली फोडली. पंपावरचा माणूस अजून बडबडतोय. सिस्टर पर्ली माझ्याशी बोलत नाही, त्यात तोटा काही नाही. बाटलीनंतर मदर्स बोर्डाच्या बायका पाळीपाळीने माझ्या ओट्यावर येऊन बसतात. एकीलाही रस्त्यापलीकडचं दिसत नाही, पण तोंडं शाबूत आहेत. काल त्या चुलत भावाची गाडी हळू झाली तेव्हा चौघींनी मिळून त्याच्या आजीचं नाव, तिचं चर्च आणि त्याने तिसरीत काय केलं होतं ते मोठ्याने सांगितलं. गाडी पुढे गेली.

तुला इथे राहायचं नसेल, अटलांटाला मैत्रिणींकडे जायचं असेल, तर जा. मी रागावणार नाही. रागावले तरी जा.

आता जे बोलायचं होतं ते. तुला वाटत आलं की मला तुझी लाज वाटते. थोडी वाटायची, ती मी कोर्टात फेडली. पण मोठी गोष्ट वेगळी होती. तू पहिल्यांदा तो पिवळा झगा घालून स्वयंपाकघरात आलीस ना, तेव्हा मला तू दिसलीच नाहीस. मला रस्ता दिसला. रस्त्यावर कुणीतरी उभा असलेला दिसला. माझी आई, मी, तुझ्या बहिणी, आम्ही सगळ्या त्याच रस्त्याने भीत भीत गेलो, आणि आता तूही आपल्या पायाने त्याच रस्त्यावर निघाली होतीस, सगळ्यात पुढे. मी इतकी घाबरले की मला राग आला. तो त्या उभ्या असलेल्या माणसावर यायला हवा होता. पण तो लांब होता आणि तू हाताशी होतीस, म्हणून तुझ्यावर काढला. चार वर्षं. हे एवढंच. याचं उत्तर लिहू नकोस.

उद्या सकाळी नऊला फाटकाशी असेन. तुझा निळा झगा, चपला आणि व्हर्नेलने आणलेला टोप पिशवीत घेतलाय, आत बदलून मगच बाहेर ये. टोप तिच्या पसंतीचा आहे, तेव्हा दारात हसू नकोस, घरी येऊन हस. गाडी तीच चालवणार आहे. पुढच्या सीटवर तू बस. ती रस्ता कसा बघते ते मला बघायचं नाहीये.

तुझी आजी